कांस्यावर चढणारा काळ

वस्तू नवी असावी, पण दिसावी मात्र जुनी, ही इच्छा वरकरणी चमत्कारिक वाटते. तरीही जगभर असंख्य कुशल हात याच कामात गुंतलेले असतात. आगगाडीच्या इंजिनाची वीतभर लांबीची प्रतिकृती तयार करणारा छांदिष्ट तिच्या झळझळीत रंगावर काजळी, चिखलाचे शिंतोडे आणि गंजाचे ओघळ मोठ्या निगुतीने रंगवितो. कारण त्यावाचून ती प्रतिकृती खेळण्यासारखी भासते. नाटकाचा नेपथ्यकार कालच रंगविलेल्या वाड्याच्या भिंतीवर शंभर वर्षांचे पावसाळे उमटवितो. या सर्वांच्या कलेचे एक फार जुने, गंभीर आणि काहीसे धोक्याचेही रूप पाहावयाचे असेल तर दक्षिणेकडे, कावेरीच्या खोऱ्यात वसलेल्या कुंभकोणमकडे वळावे लागेल. तेथे रंगाच्या जागी धातू आहे, प्रतिकृतीच्या जागी देवमूर्ती आहे, आणि जुनेपणाची छटा खरी की आणलेली, या प्रश्नाच्या उत्तरावर कधी लाखो डॉलर, तर कधी एखाद्या गावाची श्रद्धा अवलंबून असते.

कावेरीकाठचे ओतारी

तमिळनाडूच्या तंजावूर जिल्ह्यातील कुंभकोणम हे देवळांचे गाव. दर बारा वर्षांनी येथील विस्तीर्ण कुंडात महामहम् हा स्नानसोहळा भरतो. या शतकात तो २००४ आणि २०१६ मध्ये झाला. मराठी माणसाला हे गाव अगदीच परके नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तंजावूरवर भोसले घराण्याचा अंमल होता, आणि त्या काळात या परिसरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी पुढे मोठा लौकिक मिळविला. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी भूषविणारे सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम येथेच झाला.

या गावालगतच स्वामिमलै हे छोटे तीर्थक्षेत्र आहे. मुरुगन अर्थात कार्तिकेयाच्या सहा प्रमुख स्थानांपैकी ते एक. परंतु कलाप्रेमींच्या लेखी त्याची ओळख निराळी आहे. पंचधातूच्या मूर्ती ओतणाऱ्या स्थपतींची कितीतरी घराणी येथे पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. जवळच्या दारासुरम् येथील ऐरावतेश्वर मंदिर बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने उभारले. त्यासारख्या मंदिरांवर काम करणाऱ्या कारागिरांचे आपण वंशज आहोत, असे येथील परंपरा सांगते. स्वामिमलैच्या कांस्यमूर्तींना २००८-०९ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत भरलेल्या जी-२० परिषदेच्या प्रांगणात उभारलेला २७ फूट उंचीचा, सुमारे १८ टन वजनाचा नटराज याच गावच्या स्थपतींच्या हातचा आहे.

मेण, माती आणि मूस

स्थपतींची रीत साधी भासते, परंतु तिच्यात चुकीला वाव नाही. प्रथम मूर्तीच्या उंचीइतकी नारळीच्या झावळीची अरुंद पट्टी कापली जाते. तिला ठरावीक घड्या घातल्या की मुख, कंठ, वक्ष, जानू यांची मापे आपोआप मिळतात. उत्तम दशताल या प्रमाणात मूर्तीच्या उंचीचे १२४ भाग कल्पिलेले असतात. मूर्ती वीतभर असो वा पुरुषभर, पट्टी त्या उंचीची घेतली की प्रमाण कायम राहते. लहान-मोठ्या आकारात एकच रूप अचूक साकारण्याची ही हिकमत आधुनिक प्रतिकृतीकारालाही हेवा वाटावा अशी आहे.

त्यानंतर मधमाशांचे मेण, राळ आणि भुईमुगाचे तेल यांच्या मिश्रणातून मूर्ती घडविली जाते. तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या अतिशय मऊ मातीचा पहिला लेप बसतो. हा लेप जितका तलम, तितकी अलंकारांची रेघ स्वच्छ उठते. आणि कावेरीकाठची हीच माती सोडून स्थपती अन्यत्र का गेले नाहीत, याचे एक उत्तरही त्यात आहे. वरून जाड मातीचे थर चढवून, मोठ्या मूर्तीस तारेने आवळून साचा वाळवितात. साचा तापविला की मेण वितळून निघून जाते आणि आत मूर्तीच्या आकाराची पोकळी उरते. तिच्यात मुशीतला तप्त रस ओततात. त्यात मुख्यत्वे तांबे, जोडीला पितळ व शिसे, आणि नावापुरते चांदी-सोने असते. मेणापेक्षा हा धातू सुमारे नऊपट जड. त्यामुळे लागलेले मेण आधी तोलून ठेवले की किती धातू वितळवावा याचा अंदाज बांधता येतो.

साचा फोडला की मूर्ती बाहेर येते. एक साचा, एक मूर्ती. दुसरी हवी असल्यास पुन्हा मेणापासून आरंभ. या विधीचे वर्णन कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात आढळते. ते कल्याणी म्हणजे महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. मराठी मुलुखातही घन ओतकामाची परंपरा किती जुनी आहे, याची साक्ष १९७४ मध्ये अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे सापडलेला हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलगाडीचा रथ देतात. त्या चार वस्तूंचे वजन मिळून साठ किलोंहून अधिक भरते.

साच्यातून निघालेली मूर्ती खडबडीत आणि काळपट असते. कानस, छिन्नी, पॉलिशचा कागद आणि अखेरीस चिंच-रिठ्याचे पाणी, एवढ्या संस्कारांनंतर ती सोन्यासारखी झळकू लागते. येथे स्थपतीपुढे प्रश्न उभा राहतो: ग्राहकाला ती झळाळी हवी आहे, की जुनेपण?

रंग कोठून येतो?

तांब्या-पितळेची भांडी वापरणाऱ्या घरांत ‘भांडे कळकले’ हा शब्दप्रयोग एकेकाळी नित्याचा होता. तांब्यावरच्या हिरव्या थराला मराठीत जंगाल असा स्वतंत्र शब्द आहे. या कळकण्यामागे शिस्तबद्ध रसायन दडलेले असते. उघड्या तांब्याला हवा लागताच प्रथम त्यावर तांबूस रंगाचा प्राणिदाचा पातळ थर धरतो. तो धातूला घट्ट चिकटून असतो आणि बऱ्याच अंशी त्याचे रक्षणही करतो. पुढे ओलावा आणि कर्बवायू यांच्या संगतीत त्यावर हिरव्या कार्बोनेटचे थर साचतात. खनिजांच्या दुनियेत यालाच मॅलाकाइट म्हणतात. त्याचा निळा भाऊबंद म्हणजे अझुराइट. धुरकट शहरांच्या हवेत गंधकाची, तर समुद्रकाठी मिठातील क्लोरिनची संयुगे तयार होतात. न्यूयॉर्कच्या बंदरातील स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा १८८६ मध्ये उभा राहिला तेव्हा तो तांबूस-तपकिरी होता. आज जगाला परिचित असलेला हिरवा रंग त्याच्यावर पुढील काही दशकांत चढला.

म्हणजेच मूर्तीचा रंग हा तिच्या आयुष्याचा आलेख असतो. अखंड पूजेत राहिलेल्या मूर्तीवर हिरवा थर सहसा टिकतच नाही. तेल, दूध, चंदन यांचा अभिषेक आणि चिंचेने होणारी नित्याची घासणी यांमुळे ती मधासारखी तपकिरी-सोनेरी होते. शतकानुशतके हात फिरून तिचे नाक, ओठ, अलंकारांचे कंगोरे झिजून गुळगुळीत होतात. गर्द हिरवा लेप असतो तो भूमिगत मूर्तींवर. चौदाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेवर आलेल्या स्वाऱ्यांच्या आणि पुढच्या धामधुमीच्या काळात अनेक देवळांनी आपल्या उत्सवमूर्ती जमिनीत पुरल्या. पुरणारे गेले, ठावठिकाणा विस्मरणात गेला, आणि विसाव्या शतकात नांगराच्या फाळाला वा पायाच्या खोदाईला त्या लागू लागल्या. तंजावूरच्या कलादालनातील तिरुवेण्काडूचा वृषवाहन शिव हा असाच भूमीतून परतलेला, तो इ. स. १०११ च्या सुमारास घडविला गेला.

येथे देऊळ आणि बाजार यांच्या दृष्टीतला भेद स्पष्ट होतो. पुजाऱ्याच्या लेखी हिरवा थर म्हणजे निगा न राखल्याची खूण. तो घासून काढावयाचा. संग्राहकाच्या लेखी तोच थर म्हणजे वयाचा दाखला; तो प्राणपणाने जपावयाचा. एकाच पदार्थाला देवळात काहीच मोल नाही आणि लिलावगृहात मात्र मोठे मोल आहे. कृत्रिम जुनेपणाचा धंदा या तफावतीतून जन्मास आला.

दोन दिवसांत दोनशे वर्षे

जुनी छटा आणण्याच्या रीती जगभर थोड्याफार फरकाने सारख्याच आहेत आणि त्या गुपितही नाहीत. गंधकयुक्त क्षाराच्या पाण्याने कांस्य क्षणार्धात तपकिरीपासून काळ्यापर्यंतच्या छटा घेते. मग उठावाचे भाग हलकेच घासून उजळ करायचे आणि खोलगट भागांत काळोख राहू द्यायचा. जणू वर्षानुवर्षे हात फिरून उंचवटे झिजले आहेत. आगगाडीच्या प्रतिकृतीवर पातळ काळा रंग फासून वरचा पुसून घेणारा छांदिष्ट नेमके हेच करीत असतो. हिरव्या रंगासाठी नवसागर, मोरचूद, मीठ, शिरका किंवा अमोनियाची वाफ यांचा उपयोग होतो. ओल्या मातीत वा भुशात मूर्ती पुरून ठेवणे हा आणखी एक सावकाश मार्ग. अखेरीस मेणाचा पातळ हात फिरविला की थर स्थिरावतो.

या कलेत मुळात निषिद्ध असे काहीच नाही. बिदरी कामाचे उदाहरण घ्यावे. जस्त आणि थोडे तांबे यांच्या मिश्रधातूवर चांदीची नक्षी जडविल्यानंतर बिदरच्या किल्ल्यातील माती आणि नवसागर यांच्या मिश्रणाने ती वस्तू चोळतात. धातू गर्द काळा पडतो, चांदी मात्र उजळच राहते, आणि काळ्यावर पांढऱ्याची ती सुप्रसिद्ध शोभा प्रकटते. तेथे काळेपण हा कलेचाच एक भाग आहे. त्याद्वारे कोणी कुणास फसवीत नाही. स्वामिमलैच्या दुकानांत झळझळीत मूर्तींशेजारी ‘अँटिक फिनिश’च्या मूर्तीही उघडपणे मांडलेल्या असतात. दिवाणखान्यातील मंद प्रकाशात झगमगाटापेक्षा शांत, जुनी छटा अनेकांना अधिक भावते. ग्राहकाला ती नवी असल्याचे ठाऊक असते, पावतीवर तसे लिहिलेले असते, आणि व्यवहार स्वच्छ असतो. छटा तीच, रसायने तीच, हातही तोच. फरक पडतो तो केवळ सांगण्यात. नव्याला जुने म्हणून विकले की कलेचे कपट होते. आणि कुंभकोणमच्या परिसरात याहूनही विलक्षण असे कपट एकदा घडून गेले आहे.

शिवपुरमचा नटराज

कुंभकोणमजवळच्या शिवपुरम् गावात १९५१ मध्ये शेतात काही चोळकालीन कांस्यमूर्ती सापडल्या. त्यांतील दहाव्या शतकातला नटराज विशेष देखणा होता. रीतीप्रमाणे मूर्ती गावच्या शिवगुरुनाथस्वामी मंदिराच्या स्वाधीन झाल्या. जमिनीखालच्या वास्तव्याने त्यांना काही इजा पोहोचली होती, म्हणून १९५० च्या दशकाच्या मध्यास त्या दुरुस्तीसाठी कुंभकोणमच्या एका मूर्तिकाराकडे सोपविण्यात आल्या. दुरुस्त होऊन मूर्ती परत आल्या, त्यांची स्थापना झाली, आरत्या झाल्या. परंतु मंदिरात परतल्या होत्या त्या नव्याने ओतलेल्या प्रतिकृती. अस्सल मूर्ती दलालांच्या मार्फत बाहेर पडल्या आणि नटराज मुंबईतील एका खासगी संग्रहात दाखल झाला.

गावाला याचा पत्ताही नव्हता. संशय प्रथम जाहीरपणे व्यक्त झाला तो एका ग्रंथातून. ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी आरंभीच्या चोळ कांस्यमूर्तींवर लिहिलेला ग्रंथ मुंबईच्या भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटने १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. मंदिरातील नटराज ही अलीकडची प्रतिकृती असून मूळ मूर्ती मुंबईत आहे, असे त्यात नमूद होते. पुढे ती मूर्ती देशाबाहेर गेली आणि १९७३ मध्ये अमेरिकेतील नॉर्टन सायमन प्रतिष्ठानाने ती सुमारे नऊ लाख डॉलरना घेतल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. भारत सरकारने दावा दाखल केला. १९७६ मध्ये तडजोड झाली: दहा वर्षे मूर्ती तेथील संग्रहालयात राहील आणि त्यानंतर भारतात परतेल. त्यानुसार १९८६ मध्ये ती मायदेशी आली.

या प्रकरणात सामान्य माणसाच्या मनाला बोचणारा प्रश्न पैशाचा नाही. दरम्यानच्या काळात गावकऱ्यांनी ज्या मूर्तीपुढे नवस बोलले, कापूर लावला, ती प्रतिकृती होती. त्यांची पूजा वाया गेली काय? आगमशास्त्राची भूमिका येथे लक्षणीय आहे. धातूचा आकार कितीही देखणा असला तरी विधिपूर्वक नेत्रोन्मीलन आणि प्राणप्रतिष्ठा झाल्यावाचून तो देव होत नाही. आणि विधी झाल्यावर नवी मूर्तीही तितकीच पूज्य ठरते. मूर्ती भंगल्यास नवी घडविण्याची मुभा शास्त्रानेच दिलेली आहे. त्यामुळे भक्ताचे गाऱ्हाणे प्रतिकृती नवी असल्याचे नव्हते. आपल्याला न विचारता आपला देव नेला गेला आणि विश्वासाने ठेवावयास दिलेली वस्तू बदलून परत आली, हे त्याचे दुःख होते. ठेवीचा व्यवहार जाणणाऱ्या कुणालाही या दुःखाचे स्वरूप उलगडून सांगण्याची आवश्यकता नाही.

मातीची साक्ष

दुसरे प्रकरण घडले पत्तूर येथे आणि त्यात खऱ्या जुनेपणानेच साक्ष दिली. १९७६ मध्ये या गावातील पडक्या विश्वनाथस्वामी मंदिराच्या आवारात एका मजुराला नटराजासह काही मूर्ती सापडल्या. नटराज हातोहात विकला जाऊन लंडनला पोहोचला आणि १९८२ मध्ये कॅनडातील एका कंपनीने तो खरेदी केला. लंडन पोलिसांनी तो ताब्यात घेतला आणि खटला उभा राहिला. लंडनमध्ये जप्त झालेली मूर्ती पत्तूरचीच, हे सिद्ध कसे करायचे? तिचे जुने छायाचित्र अस्तित्वात नव्हते. तेव्हा घडणीची शैली आणि धातूची जात यांबरोबरच मूर्तीला चिकटलेली माती आणि वाळवीच्या वारुळाच्या खुणा तपासल्या गेल्या; त्या पत्तूरला सापडलेल्या अन्य मूर्तींवरील मातीशी आणि खुणांशी ताडून पाहिल्या गेल्या. १९८८ मध्ये न्यायालयाने मंदिराच्या बाजूने निर्णय दिला, १९९१ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला आणि त्याच वर्षी नटराज भारतात परतला. मंदिर ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे आणि ती आपल्या मालमत्तेसाठी दावा लावू शकते, ही भारतीय संकल्पना इंग्रजी न्यायालयाने मान्य केल्यामुळेही तो खटला स्मरणात राहिला.

कुणी जर ती मूर्ती लंडनमध्ये घासून लख्ख केली असती, तर साक्षीदारच नाहीसा झाला असता.

खऱ्या आणि आणलेल्या थरांतील भेद तज्ज्ञ नेमका असाच शोधतात. नैसर्गिक थर धातूतून वाढत आलेला असतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा छेद पाहिल्यास तळाशी तांबूस प्राणिद, वर हिरवी कार्बोनेटे, मधेच मातीचे कण अशी उतरंड दिसते आणि धातूच्या कणांच्या सीमांमधून तो खोलवर शिरलेला आढळतो. आणलेला थर पृष्ठभागावर बसलेला असतो. तो सर्वत्र सारखा असतो आणि नखाने वा ओल्या बोळ्यानेही कधी सुटतो. झीजही बोलते. पूजेतल्या मूर्तीचे हात पोहोचणारे भाग अधिक झिजतात. यंत्राने वा वाळूकागदाने झिजविलेल्या मूर्तीवर झीज नको तेथेही दिसते. धातूचे घटक आणखी पुढची माहिती पुरवितात. चोळांच्या मूर्ती तांबे, कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाच्या. आजच्या ओतकामात पितळ पडत असल्याने जस्ताचे प्रमाण लक्षणीय असते. बंगळूरच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतील डॉ. शारदा श्रीनिवासन यांनी दक्षिण भारतीय शंभराहून अधिक मूर्तींतील शिशाच्या समस्थानिकांचा आणि सूक्ष्म घटकांचा अभ्यास करून कालनिर्णयाची नवी वाट दाखविली. चेन्नईच्या शासकीय संग्रहालयात तर १९३० पासून रासायनिक संवर्धनाची प्रयोगशाळा आहे. कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनीही मूर्तीला धक्का न लावता तिचे ‘बोटांचे ठसे’ घेण्याच्या पद्धतींवर काम केले आहे.

कपटाची दिशा अलीकडच्या काळात उलटलेलीही दिसते. पूर्वी नवी मूर्ती जुनी म्हणून खपविली जाई. पुढे जुन्या, चोरलेल्या मूर्ती ‘नवीन हस्तकला वस्तू’ अशा कागदपत्रांवर परदेशी रवाना होऊ लागल्या. श्रीपुरंदान येथील मंदिरातून २००६ मध्ये चोरीस गेलेला नटराज २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने पन्नास लाख अमेरिकन डॉलरना खरेदी केला. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने पूर्वी घेऊन ठेवलेल्या छायाचित्रांवरून त्याची ओळख पटली आणि सप्टेंबर २०१४ मध्ये तो भारताला परत मिळाला. मूर्तिचोरीच्या अशाच एका प्रकरणात नोव्हेंबर २०२२ मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने परदेशस्थ कलाव्यापाऱ्यास दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. ज्या गावात प्रतिकृतीचे प्रकरण घडले, त्याच गावात न्यायाचाही एक टप्पा पार पडला.

कागद आणि कायदा

पुराणवस्तू व कलानिधी अधिनियम १९७२ चा असून तो १९७६ पासून अमलात आहे. शंभर वर्षे वा त्याहून जुनी मूर्ती ही त्याच्या व्याख्येनुसार पुराणवस्तू ठरते. खासगी व्यक्तीला तिची निर्यात करता येत नाही. धातूच्या जुन्या मूर्तींची नोंदणी करणे मालकावर बंधनकारक आहे आणि मालकी बदलल्यास तेही कळवावे लागते. याउलट, नव्या मूर्तीवर जुनी छटा असेल तर ती परदेशी पाठविताना सीमाशुल्क अधिकाऱ्याला शंका येणे स्वाभाविक आहे. अशा वेळी ती पुराणवस्तू नसल्याचे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रमाणपत्र उपयोगी पडते. परदेशी असलेल्या मुलाबाळांना पंचधातूची मूर्ती भेट म्हणून पाठविणाऱ्या कुटुंबांनी हे ध्यानी ठेवावे.

खरेदी करतानाही थोडी दक्षता हितावह ठरते. पावतीवर मूर्तीची उंची, वजन, धातू, घडणीचे वर्ष, ‘नवीन प्रतिकृती’ असा स्पष्ट उल्लेख आणि छटा कृत्रिम असल्यास तसे नमूद करून घ्यावे. शासनाच्या ‘पूम्पुहार’ विक्रीकेंद्रांतून वा स्थपतीकडून थेट घेतलेल्या मूर्तीची पावती जपून ठेवावी. ‘फार जुनी आहे, पण कागद नाहीत’ असे सांगून स्वस्तात देऊ केलेली मूर्ती दोनपैकी एकच असू शकते: नवी असून जुनी म्हणून सांगितलेली, किंवा खरोखर जुनी आणि कुणाच्या तरी देवळातून आलेली. दोन्ही प्रसंगी हात आखडता घेणेच श्रेयस्कर.

देव्हाऱ्यातील आणि लॉकरमधील मूर्ती

महाराष्ट्रातील अनेक घरांत आजी-पणजीच्या काळापासूनचे टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण आहेत. नित्यपूजेतल्या देवांना चिंच, लिंबू वा रांगोळीने घासण्याची रीत आहे. ती श्रद्धेची बाब खरी. परंतु प्रत्येक घासणीत धातूचा सूक्ष्म अंश जातो आणि काही पिढ्यांनी देवाचे नाक-डोळे पुसट होतात, हेही खरे. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड यांनी बरेच काम भागते. आम्ल वापरलेच तर ते भरपूर पाण्याने धुऊन मूर्ती त्वरित कोरडी करावी, कारण सांदीत राहिलेले आम्ल पुन्हा कळक धरते.

सर्व हिरवा रंग मात्र निरुपद्रवी नसतो. घट्ट, गुळगुळीत, गर्द हिरवा थर स्थिर असतो. परंतु फिकट हिरव्या रंगाची, पिठासारखी सुटणारी भुकटी ठिपक्याठिपक्यांनी दिसू लागली आणि पुसल्यावरही पुन्हा येऊ लागली, तर तो ‘कांस्यरोग’ समजावा. धातूत अडकलेले क्लोरिनचे क्षार हवेतील ओलाव्याशी संयोग पावून आतून धातू पोखरू लागतात. अशी मूर्ती पाण्याने न धुता कोरड्या जागी ठेवावी आणि जाणकार संवर्धकाचा सल्ला घ्यावा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या संवर्धनाचे केंद्र आहे.

बँकेच्या लॉकरमध्ये मूर्ती ठेवणाऱ्यांनी तिला वर्तमानपत्रात, लोकरीत वा रबरबँडने बांधून ठेवू नये. लोकर आणि रबर यांतून गंधक सुटते, तर पुठ्ठ्याच्या व ताज्या लाकडाच्या डब्यांतून आम्लयुक्त वाफ निघून शिसे असलेल्या धातूला बाधते. स्वच्छ धुतलेले सुती कापड आणि ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या पुरेशा होतात. पुड्या मधूनमधून बदलाव्यात. मूर्तीची चहूबाजूंनी छायाचित्रे काढून, मापे व वजन लिहून ती घरी निराळी ठेवावीत. श्रीपुरंदानच्या नटराजाला घरी आणले ते अशाच जुन्या छायाचित्रांनी, याचे स्मरण असू द्यावे.

स्वामिमलैच्या भट्ट्या आजही पेटतात. मेण वितळते, माती भाजते आणि कावेरीकाठी नवी मूर्ती आकाराला येते. ती उजळ असावी की जुन्या छटेची, हे ग्राहकाने ठरवावे. स्थपती दोन्ही समर्थपणे करू शकतो. मूर्ती देवळात गेली तर अभिषेकाच्या धारा आणि हातांचे स्पर्श तिला तिचा स्वतःचा रंग देतील. घरी आली तर घराचा. त्यासाठी मात्र वर्षे जावी लागतात.